साक्षीदाराचा रकाना

प्रिय टाचणी,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण तीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या नावाने मी तुला हाक मारलीच नाही, आणि आता नवं नाव शोधायचं त्राण अंगात नाही. गेल्या चार वर्षांत मी जेवढे फोन केले तेवढे सगळे तुझ्या मास्तरांनी उचलले. दर वेळी शांतपणे म्हणाले, "ती कामावर गेलीय." रविवारी सकाळी सात वाजता तू कामावर, भर सुट्टीच्या दुपारी तू कामावर. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात एवढं काम असतं होय गं? मी आपली म्हणायची, "बरं बरं, सांगा तिला." काय सांगायचं ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी बोलले नाही. जन्मभर फळ्यासमोर उभं राहून खरं बोलत आलेला माणूस माझ्यापायी खोटं बोलायला शिकला, यावरून मला काय ते समजायला हवं होतं. समजलंही होतं. म्हणून हे पत्र. पत्राला मास्तर 'ती कामावर गेलीय' म्हणू शकणार नाहीत.

आधी इकडची खबरबात. मी दोन महिन्यांनी निवृत्त होतेय. गुडघे केव्हाच निवृत्त झाले, आता बाकीची मी. आपला वॉर्ड अजून होता तसाच आहे. औषधांच्या कपाटाची किल्ली अजून दोनदा उलटी फिरवून मग सुलटी फिरवावी लागते. दाराजवळचं तीन पायांवर उभं असलेलं चार पायांचं स्टूल अजून तिथेच आहे आणि नव्या मुली अजून त्यावरून पडतात. नव्या मेट्रनबाई बोलतात कमी आणि ईमेल फार करतात. मधल्या भिंतीवर टकटक केली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावरून मला ईमेल येते. माझा आवाजही बसलाय. हॉस्टेलच्या खोलीत मी आरशासमोर भाषणं करायची आणि तू पांघरुणातून ओरडायचीस, "ए भोंगा, बंद हो, कारखाना सुटला!" तेव्हापासून सगळ्या मला भोंगा म्हणायला लागल्या. तो भोंगा आता चिरका झालाय. परवा युनियनच्या सभेत गेटवर बोलत होते तर तिसऱ्या रांगेतली एक दुसरीला विचारत होती, "काय म्हणतायत गं बाई?" ती दुसरी म्हणाली, "नेहमीचंच." मला ते ऐकू आलं, आणि राग यायला हवा होता तो आला नाही. थकवा आला.

हे पत्र लिहायला निमित्त झालं एका वर्गाचं. इस्पितळात नव्या बारा मुली लागल्यात. प्रशिक्षण बघणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, आपली रजिस्टरं इंग्रजीत छापलेली. 'विटनेस' या रकान्यात नेमकं काय करायचं तेच मुलींना कळत नाही. तुमच्यासारखं समजावणारं दुसरं कोण आहे? अर्धा तास बोला." मला बोला म्हटल्यावर मी कधी नाही म्हटलंय? घरी येऊन कपाटावरचा जाडजूड कोश काढला, धूळ झटकली, तो शब्द शोधला. एवढासा शब्द आणि त्याखाली अर्धं पान भरून अर्थ. एखादी गोष्ट घडताना जो पाहतो तो. जे पाहिलं ते चारचौघांत, न्यायाधीशासमोर जो सांगतो तो. दुसऱ्याची सही होताना पाहून खाली आपली सही करतो तो. मग क्रियापद: पाहणे, हजर असणे. आणि अगदी शेवटी, माणसांऐवजी जागा आणि काळ: या चौकाने काय काय पाहिलं, या शतकाने काय काय पाहिलं. भाषणाचे मुद्दे काढतात तसे मी वहीत ओळीने अर्थ लिहिले. दर अर्थाखाली एक उदाहरण द्यायचं ठरवलं, म्हणजे मुलींच्या डोक्यात बसेल. पण टाचणी, दर उदाहरणात तूच निघालीस.

सहीच्या अर्थाखाली मी तुझं लग्न लिहिलं. तो नोंदणीचा दिवस आठवतो? कचेरीत पंखा नव्हता, मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मला तीन वाजता सभेला जायचं होतं. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला तशी मी पेन काढून साक्षीदाराच्या जागी झोकात सही ठोकली. तो म्हातारा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, नवरदेवाने अजून पेनाचं टोपण काढलेलं नाही. तुम्ही कोणाचं लग्न पाहिलंत?" तू हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होतीस. त्याने तो फॉर्म फाडला, नवा भरला आणि मला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं, "बोलावलं की या" म्हणून. मला किती राग आला होता त्याचा! पुढे सहा महिने मी नोकरशाहीवरच्या दर भाषणात त्या माणसाची नक्कल करत होते आणि टाळ्या घेत होते.

शेवटच्या अर्थाखाली तर मला माझीच भाषणं सापडली. ही भिंत साक्षी आहे! हा जिना साक्षी आहे! या वॉर्डातली प्रत्येक खाट साक्षी आहे की इथे चाळीस रुग्णांमागे एक नर्स उभी असते! किती वर्षं मी हे ओरडले. लोक उठून उभे राहायचे. भिंतीला साक्षीला बोलावणं फार सोपं असतं गं. भिंतीची उलटतपासणी कुणी घेत नाही.

आणि मग उरला तो रजिस्टरातला रकाना. तो शिकवण्यासाठीच तर वर्ग होता. नियम मी तोंडपाठ सांगू शकते: कपाटातलं जालीम औषध काढताना दोघी हव्यात. एकीने अँप्युलची, म्हणजे काचेच्या कुपीची, मान मोडायची, लिहून दिलं तेवढं सिरिंजमध्ये घ्यायचं, उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं; दुसरीने शेजारी उभं राहून ते सगळं डोळ्यांनी पाहायचं आणि मग सही करायची. आता दुसरी आणायची कुठून? पाळीला एकच नर्स आणि वर एक इन्चार्ज, म्हणजे मी. म्हणून आपल्या वॉर्डात काय चालायचं ते तुला मी सांगायला नको. सकाळी आल्या आल्या मी रजिस्टर उघडायची आणि त्या दिवसाच्या पंधरा-वीस रिकाम्या ओळींवर साक्षीदाराच्या सह्या करून मोकळी व्हायची. तुम्ही त्याला 'पेरणी' म्हणायचात. "सिस्टर, आज पेरणी राहिली की!" असं एखादी ओरडायची, आणि मी चालता चालता भिंतीला रजिस्टर टेकवून सह्या ठोकायची. माझं मत आजही बदललेलं नाही, टाचणी: त्या रकान्यातलं पहिलं खोटं आपण लिहिलं नाही. ज्यांनी दोन सह्यांचा नियम केला आणि माणूस एकच दिलं, त्यांनी ते लिहिलं. हे मी कुठेही आणि कुणाहीसमोर सांगेन. फक्त हे सांगताना दुसरं खोटं कुणाचं, ते मी चार वर्षं गाळत आले.

आता तुला माहीत असलेलंच सांगते. ते मी माझ्या तोंडाने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलासुद्धा नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. दहा नंबरच्या खाटेवर ते शिंपीकाका होते. पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. दुखत असतानाही माणसाची मापं घेणं चालूच. मला म्हणाले होते, "सिस्टर, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे, युनिफॉर्म शिवणाऱ्याला सांगत जा." आणि तुला म्हणाले होते की तुझं माप घ्यायला टेपसुद्धा लागणार नाही, दोरा पुरेल. दुखणं थांबवायला डॉक्टरांनी त्यांना अर्धी अँप्युल लिहून दिली होती. तू कपाटातून ती काढतानाच रजिस्टरात नेहमीप्रमाणे लिहून ठेवलंस: अर्धी दिली, अर्धी टाकली. शेजारी माझी सही सकाळपासून वाट बघत होती. शेजारच्या वॉर्डातली नर्स आली नव्हती म्हणून त्या दिवशी तोही तुझ्याच गळ्यात होता. आणि मी, तुझी साक्षीदार, दुपारी दोन वाजता गच्चीवर होते. वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला तीस-पस्तीस जणी गोळा करून, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उभी राहून भाषण करत होते. विषय तुला ठाऊक आहे. एकट्या नर्सच्या हातून एक दिवस माणूस जाईल, असं मी ओरडत होते. खाली तेव्हा तेच चाललं होतं.

तीन वाजता काकांचा श्वास मंदावलेला तुझ्याच लक्षात आला. तूच धावलीस, तूच त्यावरचा उतारा टोचलास, तूच डॉक्टरांना ओढून आणलंस. नवव्या दिवशी ते गेले. त्यांच्या मुलीने तक्रार केली आणि करायलाच हवी होती. त्या आधीच, पहिल्याच संध्याकाळी, कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी कपाटाला पाठ टेकून तू मला म्हणालीस, "भोंगा, मी पूर्ण दिलं गं. अर्धं टाकल्याचं मला आठवतच नाही. अँप्युल मोडली, भरलं, पलीकडून कुणीतरी हाक मारली आणि मी टोचून टाकलं. मी सांगून टाकते." आणि मी काय म्हणाले? "गप्प बस. तू घाबरलीयस. घाबरलेल्या माणसाला काहीही आठवतं. काय सांगायचं ते मी सांगते." मला वाटलं मी तुला वाचवतेय. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते खरं होतं की नाही हेही मला कळेनासं झालंय. पण निदान त्या संध्याकाळी ते खरं असावं.

चौकशीच्या खोलीत तिघं होते: अधीक्षक, एक जुने सर्जन आणि बाहेरून बोलावलेले औषधांचे जाणकार, बारीक आवाजाचे गृहस्थ. इन्चार्ज म्हणून आधी मला बोलावलं. रजिस्टर उघडं ठेवलं होतं. अधीक्षकांनी माझ्या सहीवर बोट ठेवून विचारलं, "अर्धं औषध टाकताना तुम्ही पाहिलंत?" मी म्हणाले, "हो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं." एवढ्यावर थांबले असते तरी पुरे होतं. पण प्रसंग उभा करायची खोड वक्त्याच्या हाडात असते. मी पुढे सांगितलं की तू बेसिनपाशी कशी उभी होतीस, सिरिंज उजेडाकडे धरून कशी पाहिलीस, उरलेलं ओतून वर नळ कसा सोडलास. मी गच्चीवर होते आणि मला तो नळ दिसत होता, टाचणी. पाणी वाहतानाचा आवाजसुद्धा मी त्यांना ऐकवला. ते सर्जन मान डोलावत होते. मी मनातल्या मनात म्हटलं, सुटली आपली टाचणी.

मग ते बारीक आवाजाचे गृहस्थ पुढे झाले. अगदी सौम्यपणे म्हणाले, "सिस्टर, रक्ताच्या तपासणीत पूर्ण अँप्युलएवढं औषध आहे. अर्धं तुमच्या समोर वाहून गेलं, तर बाकीचं आलं कुठून?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. शेकडो सभा गाजवल्या, मालकांच्या वकिलांना निरुत्तर केलं, आणि शाळेतल्या पोराला सुचेल ती वजाबाकी मला सुचली नाही. त्या क्षणी अजून वेळ होती. 'साहेब, मी तिथे नव्हते,' एवढंच म्हणायचं होतं. मग निघालं असतं ते एवढंच: दमलेली एक नर्स, एकटी, घाईत चुकली, आणि तिच्यावर नजर ठेवायला जिची सही होती ती जागेवर नव्हती. तुला ताकीद मिळाली असती, फार तर सहा महिने घरी बसावं लागलं असतं. मी समोरचा ग्लास उचलला, पाणी प्याले, आणि म्हणाले, "ते मला कसं माहीत असणार?" माझ्या सगळ्या भाषणांत या वाक्याएवढं परिणामकारक वाक्य दुसरं नसेल. त्याने तुझा निकाल लागला. उरलेलं औषध त्यांनी शोधून काढलंच: दुसऱ्या रुग्णाच्या अँप्युलमधलं राहिलेलं तू टाकून न देता जवळ ठेवत असणार, आणि कुणाला न सांगता त्यातलं दिलं असणार. एका चुकलेल्या बाईची त्यांनी चोरटी बाई केली. आणि त्यासाठी लागणारा साक्षीदार मी पुरवला.

नंतर तुला बोलावलं. तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी तुझ्यासमोरून गेले तेव्हा तुझ्या खांद्यावर थोपटलं, आठवतं? आत तू काय बोललीस ते मला पुढे महिन्याभराने कळलं, युनियनकडे चौकशीच्या नकला आल्या तेव्हा. तुला माझा जबाब वाचून दाखवला होता. बेसिन, नळ, सगळं. आणि विचारलं होतं, "हे खरं आहे का?" तुझं उत्तर एका ओळीत टाईप केलेलं आहे: "त्या सांगतात तर तसंच असेल." तुला सगळं आठवत होतं. खोलीत कुणी नव्हतं हे जगात फक्त तुला नक्की माहीत होतं. तू नाही म्हणाली असतीस तर माझी नोकरी गेली असती, अध्यक्षपद गेलं असतं, पंधरा वर्षांची लढाई गेली असती. तू आपलं नाव पुढे सारलंस. मी तुला वाचवायला खोटं बोलले असं म्हणते आणि वाचले ते मी. तू मला वाचवायला खोटं बोललीस आणि गेलीस.

नर्सिंग परिषदेने तुझं नाव नोंदवहीतून काढलं, आणि मी काय केलं? गेटवर सभा घेतली! 'टाचणीला न्याय द्या' म्हणून फलक रंगवले. हे गेट साक्षी आहे, म्हणाले. लोकांनी टाळ्या दिल्या. गच्चीवरच्या त्या तीस-पस्तीस जणीही समोर होत्या. दुपारी दोन वाजता मी कुठे होते हे त्यांतली प्रत्येक जण जाणत होती, आणि एकीनेही डोळे वर केले नाहीत. तू सायकल स्टँडपाशी लेकीचा हात धरून उभी होतीस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. संपत आलेल्या सलाईनच्या बाटलीकडे आपण जसं बघतो तसं तू माझ्याकडे बघत होतीस: अजून किती वेळ चालेल, एवढाच हिशेब. मग तू लेकीला काहीतरी म्हणालीस आणि निघून गेलीस. त्यानंतर मी तुला पाहिलं नाही.

का बोलले नाही, याची कारणं माझ्याकडे ढीगभर होती. तेव्हा नव्या जागांसाठी बोलणी चालली होती. यांची पुढारीच न बघता सह्या करते, असं कळलं असतं तर व्यवस्थापनाने ती फाईल खिडकीतून फेकली असती. वर्षभराने सहा जागा भरल्या, आणि मी स्वतःला म्हटलं, बघ, एकीच्या बदल्यात सहा. टाचणी, मोठ्या कामासाठी एक माणूस खर्ची पडलं तर पडू दे, असं म्हणणाऱ्यांच्या विरुद्ध मी जन्मभर बोलले. पुस्तकांतले उतारेच्या उतारे पाठ म्हणून बोलले. आणि पाळी आली तेव्हा त्यांचंच वाक्य माझ्या तोंडात इतकं सहज बसलं की दातसुद्धा हलला नाही. पण तेही सजवलेलंच कारण आहे. साधं कारण असं की मी भ्याले. उभ्या जन्मात पहिल्यांदा इतकी भ्याले की मला भीतीला भीती म्हणायचं सुचलं नाही.

तर तो वर्ग. बारा मुली, दुपारची वेळ, बाहेर कुणीतरी स्ट्रेचरची चाकं कुरकुरवत नेतंय. मी अर्थ सांगितले, नियम सांगितला, पेरणी कशी करायची नाही तेही सांगितलं. एकीने विचारलं, न बघता सही केली तर काय शिक्षा होते? मी सांगितली. दुसरीने विचारलं, बघितलं पण नीट दिसलं नाही तर? मी म्हटलं, मग सही करू नकोस, चष्मा कर. सगळ्या हसल्या. मग मागच्या बाकावरची एक, तोपर्यंत गप्प बसलेली, म्हणाली, "बाई, साक्षीदार तिथे नव्हती आणि तिने 'होते' म्हणून सांगितलं, तर इंजेक्शन देणारीचं काय होतं?" सगळ्यांनी सही करणारीचं विचारलं होतं. हिने देणारीचं विचारलं. मी घड्याळाकडे पाहिलं. भोंगा म्हणे! बारा जणी माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मी म्हणाले, "चहाची वेळ झाली," आणि वर्ग सोडला. चहाला अजून पंचवीस मिनिटं होती.

त्या दिवशी घरी जाऊन मी कुठलंही भाषण मनात रचलं नाही. दमले होते. इतकी वर्षं एक खोटं उभं धरून ठेवायला किती ताकद लागते, हे खाली ठेवेपर्यंत कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवरच्या मुलींपैकी चौघींना गाठलं. त्याही आता मुली कुठल्या, एकीचे सगळे केस पांढरे झालेत. मी एवढंच विचारलं, "त्या दुपारी मी कुठे होते, हे लिहून द्याल?" पांढऱ्या केसांची माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "सिस्टर, चार वर्षं आम्ही तुम्ही विचाराल याचीच वाट बघतोय." एवढंच बोलून तिने खिशातून पेन काढलं.

आता हे पत्र कशासाठी ते. काल मी परिषदेच्या कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला आहे: शिंपीकाकांना इंजेक्शन दिलं तेव्हा मी खोलीत नव्हते, सही सकाळची होती, आणि चौकशीत मी जे पाहिलं म्हणून सांगितलं त्यातलं काहीही पाहिलं नव्हतं. सोबत चौघींचे जबाब जोडलेत. युनियनचा राजीनामाही दिला. काकांच्या मुलीलाही वेगळं पत्र लिहिलंय. तिच्या वडिलांचं काय झालं ते तिला कुणीच खरं सांगितलं नव्हतं. पण परिषद म्हणते, प्रकरण पुन्हा उघडायचं तर अर्ज तुझा हवा, आणि तो साठ दिवसांच्या आत हवा. अर्ज सोबत पाठवतेय. सही केलीस तर तुला नाव परत मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. चूक तुझी होती तेवढी तुझी राहील, पण चोरी जाईल. माझं नाव बहुधा कटेल, आणि कटू दे. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही; ते मागायचंही आता त्राण नाही. एकच मागते. सुनावणीला आपण दोघी समोरासमोर असू. ते माझा जबाब तुला वाचून दाखवतील आणि विचारतील, त्या वेळी ही बाई तिथे होती का? माझी कीव करू नकोस, माझ्या गुडघ्यांकडे बघू नकोस, माझ्या निवृत्तीचा विचार करू नकोस. मी सांगते म्हणून तसं असेल, असं तर मुळीच म्हणू नकोस. माझ्या तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग: नव्हती.

तुझीच,
भोंगा